दोघांनी बांधलेलं इंजिन

शनिवारी सकाळी मी माहेरी पोचले ती हत्यारांची पेटी घेऊनच. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये बाई, ट्रक चालत नाहीये आणि दादा चाललाय." ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे विचारायच्या आत तिने फोन ठेवून दिला.

ट्रक बाबांचा. माझ्यापेक्षा वयाने मोठा, चार सिलिंडरचा, पेट्रोलवरचा. दादा सहा वर्षांपूर्वी "तुमच्या ह्या गंजक्या गॅरेजात मी आयुष्य काढणार नाही" म्हणून बोटीवर इंजिन सांभाळायला निघून गेला, तेव्हा बाबा त्याला निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आले नव्हते. तो चार महिन्यांपूर्वी परत आला आणि महिन्याभरात बापलेकांनी मिळून त्याच ट्रकचं इंजिन खोलून नव्याने बांधायला काढलं. आई रोज फोनवर सांगायची, "दोघांचं छान जमलंय गं." खोटं कशाला बोलू, हे ऐकून एकदा मी कुणाचा तरी ट्रॅक्टर दुरुस्त करताना त्याच्याखाली पडल्या पडल्या रडले होते. त्या मालकाला वाटलं, डोळ्यात ऑइल गेलं.

आणि आता हे. दारातच दादाची बॅग भरून ठेवलेली. सोमवारी बोट सुटणार होती.

"बाबांना माझ्या हातावर भरवसा नसेल तर मी थांबू कशाला?" दादा म्हणाला. "तू बघ आणि सांग. चूक माझी निघाली तर मी आपणहून जातो. त्यांची निघाली तरी माझं इथे काय काम?"

"वा! म्हणजे काहीही निघालं तरी तू जाणारच. मग मला बोलावलंत कशाला, टाळ्या वाजवायला?"

बाबा शेडमध्ये स्टुलावर बसले होते. मला बघून म्हणाले, "छोटे, त्याने जोर करून बसवलंय इंजिन. दुसरं काही नाही."

मी बाह्या सरसावल्या. भांडणात मला गती नाही, इंजिनात आहे, असा माझा तोपर्यंत समज होता.

ट्रक पहिल्या सेल्फला सुरू झाला. थंड असताना आतून टकटक आवाज. जरा तापल्यावर टकटक कमी झाली, मला बरं वाटलं, तेवढ्यात मागून निळा धूर यायला लागला. म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन कुठेतरी सैल आहे. ठीक. पण दहाव्या मिनिटाला इंजिन आचके देत बंद पडलं आणि सेल्फ मारला तर हलेना. जाम! अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

आता काय म्हणायचं ह्याला? सैल इंजिन धूर ओकतं, घट्ट इंजिन तापून धरतं. हे गुणी बाळ दोन्ही करत होतं.

पाणी तपासलं, पंप तपासला, टायमिंग बघितलं, ऑइल काढून बोटावर घेऊन बघितलं. सगळं जिथल्या तिथे. मग प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावला. एक नंबर उत्तम. चार नंबर, म्हणजे अगदी मागचा, मेलेला. त्यात चमचाभर ऑइल ओतून परत मोजलं, तर काटा झर्रकन वर; ऑइलने फट बुजली होती. म्हणजे चार सैल, हे नक्की. पण मग जाम कोण होतंय? माझं डोकं चालेना. दुपारी जेवताना मी मिठाऐवजी भाजीत साखर घातली आणि तशीच खाल्ली. आई माझ्याकडे बघत होती आणि मी बघितलं की नजर चुकवत होती. हिला काय झालंय, तेही कळेना.

जेवण झाल्यावर मी बाबांना एकट्याला गाठलं.

"चार नंबरच्या सिलिंडरचं भोक जास्त झिजलं होतं," ते म्हणाले. "थंडाव्याचं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथे. म्हणून ते जरा मोठं केलं आणि त्याला मापाने मोठा पिस्टन दिला. एक नंबरला सगळ्यात लहान. केसाएवढा फरक असेल. प्रत्येक पिस्टनवर नंबर ठोकलाय मी, डोळे मिटून बसवावेत असे."

बाबांचं माप चुकत नाही. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. मग चूक दादाची, म्हणत मी तणतणत अंगणात गेले. दादा बॅगेवर बसला होता.

"ज्याचा नंबर त्याच्याच सिलिंडरमध्ये घातलाय मी," तो म्हणाला. "चार नंबरचा जरा कष्टाने गेला. वाटलं, बाबांनीच तसा ठेवला असेल."

"चार? अरे चार सैल आहे! मी आत्ता मोजलाय."

"घट्ट गेला गं. माझ्या हाताला आठवतंय."

"माझा गेज वेडा आहे का मग? बाबा खरे, तू खरा, मी पण खरी, फक्त ट्रक तेवढा लबाड? ऊठ. दाखव मला कुठला तो घट्ट गेलेला."

त्याला दंडाला धरून शेडमध्ये आणलं. बाबांनी मान फिरवली. दादाने वाकून हात ठेवला तो रेडिएटरला लागून असलेल्या सिलिंडरवर. अगदी पुढच्या.

"हा एक नंबर आहे, दादा."

"हा चार. मागून, फ्लायव्हीलकडून मोजायचं ना? बोटीवर आम्ही तिकडूनच मोजतो."

मी पुढच्या सिलिंडरकडे बघितलं, मग मागच्याकडे. मोठा पिस्टन लहान भोकात, लहान मोठ्यात. पुढचा तापून धरत होता, मागचा धूर काढत होता. आणि प्लगच्या वायरीही त्याने आपल्या मोजणीनेच लावलेल्या. एक, तीन, चार, दोन हा पेटायचा क्रम कुठल्याही टोकाकडून मोजला तरी फिरून तोच येतो, म्हणून मला कळलं नाही आणि इंजिनही बिनतक्रार सुरू होत होतं.

कोडं सुटलं, पण माझा गोंधळ वाढलाच.

"अरे पण तीन महिने तुम्ही शेजारी शेजारी उभे होतात! एकदाही 'हा घे एक नंबर' म्हणून कुणी बोट दाखवलं नाही?"

दारातून आईचा आवाज आला.

"शेजारी नव्हतेच गं. हे सकाळी काम करायचे, तो दुपारी. निरोप मी द्यायचे."

"आणि मला फोनवर सांगत होतीस ते?"

"मला वाटलं, इंजिन झालं की बोलतील." तिचा पदर तोंडाशी गेला. "ह्यांनी मला सांगितलं, ज्याचा नंबर त्याच्याच भोकात घालायला सांग. मी तसंच सांगितलं. भोकं दोन बाजूंनी मोजतात, हे मला काय माहीत! माझंच चुकलं का गं?"

तीन महिने ही बाई ह्या शेडमधून त्या खोलीत पिस्टनचे निरोप नेत होती, आणि मला वाटत होतं आमचं घर पुन्हा जुळलंय.

तेवढ्यात बाबा स्टुलावरून उठले. माझ्याकडे नाही, आईकडे नाही, सरळ दादाकडे बघून ओरडले, "फ्लायव्हीलकडून मोजतात? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

"बोटीवरच्या माझ्या चीफने! आणि तुम्ही तोंडाने सांगितलं असतंत तर?"

"तुला विचारता येत नव्हतं?"

"तुम्ही दाराशी तरी आला होतात का, मी गेलो तेव्हा?"

"जाताना काय बोलून गेलास ते आठव आधी! आणि हा पुढचा पिस्टन बाहेर निघाल्याशिवाय सोमवारी कुठे हललास तर बघ!"

"हलतोय कोण! पण मोजणी लिहून ठेवा आता भिंतीवर!"

दोघांचे आवाज चढत चालले, शेजारच्या गच्चीवर माणसं येऊन उभी राहिली. मला लाज वाटली. मी मध्ये पडायला निघाले तर आईने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"भांडू दे गं," ती म्हणाली. "एकमेकांशी भांडतायत."