माजरीच्या ज्योत्स्नाचं कडवं

रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, आशाबाई गाण्याची ओळ टाकायची आणि वाकलेल्या बाया ती झेलायच्या. गाण्यात प्रत्येकीचं नाव तिच्या माहेरासकट यायलाच हवं. एखादी राहिली तर दिवाळीपर्यंत रुसायची. आणि ओळ चुकली तरी टोकायचं नाही, झेलायचीच, असा रिवाज.

म्हणून तर मागच्या रोवण्यात कोणी बोललं नाही. आशाबाई मोहर्लीच्या साधनाचंच कडवं फिरून फिरून गात राहिली, बाया मुकाट झेलत राहिल्या. शेवटी साधनाच म्हणाली, "माय, किती डाव माहेरी धाडता मले?"

सगळ्या हसल्या. आशाबाईला मात्र आपण काय गायलो तेच आठवेना.

कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं हे काम. दुखणं निजलं, पण गोळी सुटेना. आणि चुलीवरचं दूध, नातवाचं नाव, गाणी, एकेक विरत गेलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ही अफूच्या जातीची गोळी, मेंदूला तिची चटक लागते नि आठवण मंदावते. एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची. पुष्कळसं परत येईल, सगळंच येईल असं नाही. अंग मोडून यायचं, घामानं लुगडं भिजायचं. तरी आशाबाईनं गोळी सोडली.

यंदा बांधीत, धानाच्या खाचरात, चिखल झाला, पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या पडल्या. ओळ टाकायला धाकटी जाऊ ज्योत्स्ना तयारच होती. आशाबाई म्हणाली, आधी मी. अडले तर तू घे, मग ते गाणं तुझंच.

"मोहर्लीची साधना, वाघाले नाई भ्याली,
सासू खोकलली तं कोठ्यात पळाली!"

हशा पिकला. मग भामरागडच्या बाईचं कडवं आलं, तिच्या नदीसकट आलं. पुढं कोळशाच्या खाणीच्या माजरीची ज्योत्स्ना. आणि तिथंच आशाबाईच्या डोक्यात सगळं कोरडं पडलं. इतकी वर्षं गायलेल्या कडव्याचा मागमूस नाही. चिखलातले हात थांबले.

"काऊन बाई, माहं माहेर बुडालं का?" ज्योत्स्ना म्हणाली. "घेऊ का मी?"

"थांब वं. जुनं नाई सापडून राह्यलं. तुले नवंच देतो."

आशाबाईनं कंबर सरळ केली, दुखली तशी दुखू दिली, आणि गळा मोकळा सोडला.

"माजरीची ज्योत्स्ना, कोळशातून आली,
माह्या जिभेवरची तिनं राख फुंकून देली!"

सगळ्यांत आधी, सगळ्यांत वर, ज्योत्स्नाचाच आवाज चढला, आणि अख्खी बांधी त्याच्यामागून गाऊ लागली. पुढच्या बांधीत उतरताना ज्योत्स्ना धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, जावेला वाट देत बाजूला झाली, आणि आशाबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं चिखलात उतरली.