दहावा तुकडा

मिसर देश नकाशावर नसतो, तो माणसाच्या आत असतो. तिथला राजा फारो म्हणजे आपला अहंकार. खमीर म्हणजे कणकेसारखं फुगणारं मन. पीठ फुगवणारं खमीर कणभरही घरात न ठेवण्याचा यहुद्यांचा पेसाखचा सण जवळ आला की यहेझकेलचं हे सुरू होई. काल त्याची बायको द्वोशा गुडघ्यांवर बसून फडताळ खरवडत होती, तेव्हाही तो भट्टीशी शेकत तिला हेच समजावत होता.

“फारो रिकामाच असेल आत, तर पाठवा त्याला विहिरीवर,” ती म्हणाली. “बादल्या भरायच्यात.”

तो हसला, आणि त्या हसण्याने तिचं डोकं आणखीच फिरलं. प्रार्थनाघरात लोक त्याच्याभोवती कोंडाळं करून बसत, माना डोलवत. तोरा या धर्मग्रंथाच्या कुठल्याही ओळीतून तो माणसाच्या काळजापर्यंत वाट काढी. पोटच्या पोरीपर्यंतची वाट तेवढी त्याला सापडत नव्हती.

ठरलेलं लग्न मोडून पेरल लेंबर्गला शिवणकामाला गेली, तेव्हापासून तिच्या खोलीला बाहेरून कडी होती. घरात तिचं नाव काढायचीही चोरी. आज दुपारी तो प्रार्थनाघरात असताना ती मागच्या दाराने आली, खोकत, एक बोचकं घेऊन. द्वोशाने तिला त्याच खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी पुन्हा लावली. उद्या सणाच्या पंगतीला बापलेक एकत्र बसावेत, याउपर तिला काही नको होतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बाईने खमिराच्या पावाचे दहा तुकडे लपवायचे आणि पुरुषाने मेणबत्ती नि हंसाचं पीस घेऊन ते हुडकायचे, अशी रीत. नऊ तुकडे तिने नेहमीच्या जागी ठेवले. दहावा पेरलच्या हातात दिला. गेल्या वर्षी एका कणासाठी यहेझकेलने जमिनीची फळी उखडली होती. आज तो हे दार उघडल्याशिवाय राहायचा नाही, अशी तिची खात्री होती.

नऊ मिळाले. तो बंद दारापाशी आला. आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो जागीच थांबला.

“एक राहिलाय,” द्वोशा म्हणाली. “आत आहे.”

“आतलं खमीर शोधणं हेच तर खरं—”

“अहो, मनाच्या आत नाही हो! या दाराच्या आत! पोरगी आहे तुमची, फारो नव्हे. काढा ना ती कडी!”

तिचा आवाज फाटला. त्याने कडीकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि शोध संपल्यावर म्हणायचे शब्द भराभर म्हणून टाकले. “जे खमीर मी पाहिलं नाही, काढलं नाही, ते माझं नाही. ते बेवारस असो, धुळीसारखं असो.”

शब्द चोख होते. त्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती, आणि द्वोशा त्यानेच पेटली.

“बेवारस ना? मग जो उचलेल त्याचं. मी उचलते.”

तिने कडी काढली, आत गेली आणि आतून अडसर घातला.