चौकटीत पिकलेलं फूल

तिने झाडं दाबायच्या चौकटीचे पट्टे सोडले, वरची फळी उचलली आणि टिपकागद उलटला. फूल नव्हतंच. पिवळ्या पाकळ्यांच्या जागी पांढऱ्या केसांचा पुंजका होता. पोरं वाऱ्यावर उडवतात त्या म्हाताऱ्यांसारखा.

वनस्पती संग्रहालयात ती सात वर्षं हेच काम करत होती: बाहेरून आलेली झाडं दाबून वाळवायची, मग जाड कागदावर चिकटवायची. ओल शोषलेले टिपकागद रोज बदलायचे, हा तिथला पहिला धडा. चार दिवस ते बदललेच नव्हते. सासूबाई दवाखान्यात होत्या. इथून तिथे, तिथून घरी, नुसती फरफट चालली होती. त्यात एकतीस तारखेला तिचं कंत्राट संपत होतं. नमुना खराब झाला की कारण लिहून, सही करून चिठ्ठी वर द्यावी लागे, आणि नवं कंत्राट मिळायचं की नाही ते या चिठ्ठ्या बघूनच ठरायचं.

आणि नमुना कुणाचा, तर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा. सूर्यफुलाच्या कुळातलं हे वाळवंटातलं टीचभर रोप पाऊस मनासारखा झाला तरच फुलतं. त्याच्यासाठी सरांनी अकरा वर्षं वाळू तुडवली होती. यंदा ते सापडलं, तोवर त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते.

सर आले, काठी टेकत खुर्चीत बसले. तिने नमुन्याचा कागद पुढे सरकवला.

"सर, टिपकागद बदलायचे राहिले माझ्याकडून. शुक्रवारपासून."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ काढलंच नाही.

"तुमचा दोष नाही," ते म्हणाले. "रोज बदलले असते तरी हेच झालं असतं. या कुळातली फुलं तोडली म्हणून लगेच मरत नाहीत. दाबून ठेवली तरी आतल्या आत पिकत राहतात. आधी उकळत्या पाण्यात बुडवावी लागतात."

"मग?"

"मी बुडवलंच नाही. स्टोव्ह होता, पाणी होतं, सगळं होतं. फूल दिसलं आणि वेडाच झालो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तीस वर्षं पोरांना पहिल्या तासाला हेच शिकवतोय."

सुटले एकदाची, असं तिला वाटायला हवं होतं. पण सरांनी चिठ्ठी पुढ्यात ओढली होती आणि पेनाचं टोपण त्यांच्याकडून काही केल्या निघत नव्हतं. उद्या सगळी इमारत दात काढणार. तिला ते बघवेना.

तिने चिठ्ठी आपल्याकडे घेतली, 'टिपकागद वेळेवर बदलले नाहीत' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"अहो, हे काय?"

"खोटं कुठे आहे, सर? नव्हतेच बदलले."

सरांनी चिठ्ठी वाचली. परत एकदा वाचली. त्यांनी ती फाडून टाकावी, असं तिला क्षणभर फार वाटलं.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले, आणि तिच्या सहीखाली 'पाहिले' असं लिहून त्यांनी आपली सही केली.