बहिरी जागा

ठमीने टेबलाच्या डाव्या कडेला क्लॅम्प आवळला, तळहाताने दाबून पाहिला आणि आणखी एक पीळ दिला. जॉयस्टिकचा दांडा ताठ उभा राहिला.

“आता हलायची नाही. ओढलीस तर टेबलासकट येईल.”

“मागच्या दोन्हीही घट्टच होत्या,” दादा म्हणाला. “त्या मुळातच खराब निघाल्या.”

तो खिडकीशी उभा होता, डावा हात पँटच्या खिशात. बाहेर दुपार कलत होती आणि आभाळाला धुळीचा रंग चढला होता. समोरच्या गच्चीवरची चादर वाऱ्याने फुगायची, पडायची, पुन्हा फुगायची.

दादा बेटावर माणसं नेणारं-आणणारं छोटं विमान चालवायचा. गुरुवारी कंपनीच्या मोठ्या यंत्रात त्याची परीक्षा होती. खोटं विमान, खोटं वादळ, पण पास-नापास खरं. त्याआधी घरी सराव हवा म्हणून त्याने बहिणीला बोलावलं होतं. गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. मुलांनी आपटलेली, उसाची चिपाडं व्हावीत तशी चेपलेली खेळणी दिवसभर तिच्या हातांखालून जात.

संगणकाच्या पडद्यावर एकेक काम येई आणि त्याच्यापुढे रिकामी चौकट. जे बटण दाबाल ते त्या कामाशी बांधलं जाई.

“चाकं?”

“अंगठ्याखाली. चाकं विसरून चालत नाही.”

“ब्रेक?”

“बोटाशी.”

“आणि वहिनीची हाक न ऐकल्यासारखं करायचं बटण?”

“ते कंपनीनंच बसवून पाठवलंय, वन्सं!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “काढून देता आलं तर बघा.”

ठमी हसली. दादाही हसला, पण जरा मागाहून.

“आता दांडा. ओढलास की नाक वर, ढकललास की खाली. सगळ्या कोपऱ्यांतून एकदा फिरव आणि मग मधोमध नुसता धरून ठेव.”

दादा खुर्चीत बसला. खिशातून डावा हात काढून त्याने दांडा धरला, विमानात धरायचा तसाच. पडद्यावरच्या फुलीवर हिरवा ठिपका होता. तो शहाण्या मुलासारखा चारी कोपऱ्यांना शिवून आला. मधोमध आला, आणि तिथे काही केल्या थांबेना. हंड्यातल्या पाण्यात चांदणी पडावी आणि कुणी हंड्याला धक्के देत राहावं, तसा तो थरथरत राहिला.

“बघ,” दादा घाईने म्हणाला. “सांगितलं नव्हतं? हीही तसलीच.”

“सोड बरं.”

त्याने सोडला. ठिपका थांबला. ठमीने वाकून आपल्या डाव्या हातात दांडा धरला. वारा नसलेल्या खोलीतल्या ज्योतीसारखा ठिपका उभा होता.

तिने वायर काढली, टोक पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं, पुन्हा खोचलं. वस्तूत काही बिघाड नसला आणि गिऱ्हाइकाला तसं सांगवत नसलं की ती दुकानात हेच करायची.

“परत धर.”

ठिपका थरथरला.

“ते एक असतं ना,” दादा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “मधली जागा वाढवायची. डेड झोन.”

असतं. दांड्याच्या मध्याभोवतीची थोडी जागा बहिरी करायची. तेवढ्यात हात काहीही म्हणो, विमानाला ऐकू जात नाही. झिजलेल्या कंट्रोलरसाठी ठमी रोज ते करायची.

तिने पडद्यावरची पट्टी सरकवली.

“अजून.”

तिने आणखी सरकवली.

“अजून जराशी.”

ठिपका थांबला. दादाने मान मागे टाकून श्वास सोडला.

“झालं! तुझा हातगुणच तसा आहे, ठमे.”

ठिपका थांबला होता. दांड्यावरची बोटं थांबली नव्हती. ठमी बोटांकडे बघत राहिली. याच हाताने त्याने तिच्या सायकलची सीट धरली होती. सोडतो, सोडतो म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत सोडली नव्हती.

“कंपनीच्या यंत्रात ही जागा किती मोठी असते, दादा?”

दादाने दाराकडे पाहिलं. वहिनी इस्त्री केलेला गणवेशाचा शर्ट घेऊन आत आली होती. दादा खुर्चीतून उठला आणि त्याचा हात खिशात गेला.

“रविवार मोकळा ठेवलाय ना, वन्सं? बेटावर जायचंय, सगळ्यांनी. खिडकीची जागा आईंची, शेजारची माझी, मागची तुमची.” तिने शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवला. “इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाने मला जमिनीवरूनच टाटा करायला लावला. आता कुठे पाझर फुटलाय.”

“गुरुवार पार पडू दे आधी,” दादा म्हणाला.

“पडेल हो. तुम्ही काय झोपेतसुद्धा उडवाल.”

ती गेली. शर्टाची एक बाही दुमडली होती. ठमीने ती सरळ केली. ती शिंप्याची मुलगी. कापड हातात आलं की बोट आपसूक शिलाईवर जायचं. डाव्या बाहीला बटण होतं आणि काजं होतं. उजव्या बाहीला बटण होतं, काजं मात्र शिवून बुजवलेलं. बटण नुसतं वर टाकलेलं. खाली टिचबटण. चिमटीत दाबलं की लागणारं.

उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावायचं असतं.

तिने कापड उलटं केलं. बारीक, तिरका टाका, शेवटी दुहेरी गाठ. आईचा तो टाका तिने डोळे मिटूनही ओळखला असता. आतल्या खोलीत आई काहीतरी निवडत बसली होती आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती:

*ये रे दोऱ्या, नेढ्यात ये,*
*कुण्णाकुण्णाला न सांगता ये.*

बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हाचं हे गाणं. आई सकाळीच सुयांमध्ये दोरे ओवून दुकानाच्या पडद्याला टोचून ठेवायची. गिऱ्हाईक समोर आलं की बाबा ऐटीत पडद्यातली सुई उचलायचे. कुणाला कळलं नाही. मुलांना वाटायचं, हा खेळच आहे.

“आईला माहीत आहे,” ठमी हळूच म्हणाली.

दादाने शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तिनं विचारलं नाही. एके दिवशी बाही अशी होती, बस.”

“आणि तरी रविवारी खिडकीत बसणार?”

“तिचा भरवसा आहे माझ्यावर.”

“बाबांवरही होता.”

“मग? चाललंच ना त्यांचं शेवटपर्यंत?”

“कापड होतं ते, दादा. चुकलं की आई बसून उसवायची.”

बाहेरची चादर फटकन वाजली. दादाने खिशातला हात आणखी खोल घातला.

“गुरुवार निघू दे, ठमे. हात जोडतो. मग बघू डॉक्टर-बिक्टर.” त्याचा आवाज खाली आला. “जमिनीवर मी कोण आहे गं? मला तरी कुठे ठाऊक आहे?”

ठमीला पुढे होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. ती पुढे झाली नाही. तिने माउस धरला, पट्टी हळूहळू मागे आणली, पार शून्यावर, आणि ‘जतन करा’ दाबलं.

“वहिनी,” तिने हाक मारली. “जरा येता? एक गंमत दाखवते.”

“ठमे,” दादा म्हणाला.

वहिनी ओले हात पुसत आली. ठमीने तिला खुर्चीत बसवलं.

“डाव्या हाताने धरा. नुसतं धरायचं, काही करायचं नाही.”

वहिनीने दांडा धरला. ठिपका मधोमध उभा राहिला, निवांत.

“अगंबाई, हे तर मलाही येतंय! आता रविवारी मीच नेते सगळ्यांना.” ती खळखळून हसली, मान वळवून नवऱ्याकडे बघत. “काय हो, एवढ्याचा पगार घेता?”

“आता दादाला धरू द्या,” ठमी म्हणाली.

वहिनी उठून बाजूला झाली. हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं. आतल्या खोलीतलं गुणगुणणं थांबलं.

“या ना,” वहिनी म्हणाली. “लाजताय काय?”

दादा खुर्चीत बसला. पडद्यावर हिरवा ठिपका फुलीच्या मधोमध वाट बघत होता. दारात आईची सावली आली आणि तिथेच राहिली. मग दादाने खिशातून हात काढला.