गोव्याची गरम भाकर

मंजुळाबाईंना गोव्याला जायचंच नव्हतं. समुद्र त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. एवढं पाणी एका जागी असून त्यात वरणसुद्धा शिजत नाही हे कळल्यावर त्यांचा त्यावरचा जीव उडाला होता. त्यांना हवी होती एक गरम भाकर. तव्यावरून थेट ताटात पडलेली, दुसऱ्या कुणी केलेली आणि आपण मांडी घालून, कुणासाठी न उठता खाल्लेली.

मागणं एवढंच, पण शहरातल्या गारखेडा भागातल्या त्यांच्या घरात ते बसत नव्हतं. बिडकीनच्या पलीकडच्या त्यांच्या गावात कुणाची दाढ दुखली, कुणाची कोर्टात तारीख लागली, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असला, की पावलं आपोआप गारखेड्याकडे वळत. हिवाळा लागला, लग्नसराई सुरू झाली, की विचारूच नका. मंजुळाबाई भाकरी थापत, माणसं जेवत, ढेकर देत आणि शेवटी उरलेली भाकर मंजुळाबाई खात. तोवर ती गार होऊन वातड झालेली असे. आधी चूल आणि मग गॅस असं करत संसार झाला, लेक सासरी गेली, पण गरम भाकरीची ओळख त्यांना फक्त वासावरून होती.

कडूबाराव, म्हणजे त्यांचे यजमान, माणूस वाईट नव्हता. सरकारी कचेरीत इमानानं नोकरी करत होता. फक्त त्यांना नाही म्हणता येत नसे. दारात कुणी दिसलं की त्यांच्या तोंडून "या या, बरं झालं आलात, आता जेवूनच जा" असं आपसूक निघे. या शहरात नळालासुद्धा रोज पाणी येत नाही, पण कडूबारावांचं आगतस्वागत बारमाही वाहत होतं. आणि त्या पुराच्या पाण्यात उभ्या राहून भाकरी कोण थापत होतं, हे वेगळं सांगायला नको.

यंदा मात्र मंजुळाबाईंनी परात खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "आता मला कुणी नको. थोडे दिवस तरी. भाकर तुम्ही करायची, मी खायची."

"मग गोव्याला जाऊ," कडूबाराव म्हणाले. "तिथं कोण येतंय?"

"मला माझ्या घरात खायची हाय. हॉटेलात नाय."

कडूबारावांनी सुट्टी टाकली आणि त्यांच्या कचेरीत मुरलेल्या डोक्यातून एक मसलत निघाली. गोव्याला जातो म्हणून गल्लीभर सांगायचं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकायचं, मागच्या बोळातून न्हाणीच्या दारानं आत यायचं आणि गुपचूप राहायचं. नंतर दाखवायला पुरावा म्हणून त्यांनी जवळच्याच उस्मानपुऱ्यातून काजूसुद्धा आणून ठेवले. एवढी दूरदृष्टी त्यांनी नोकरीत दाखवली असती तर केव्हाच साहेब झाले असते.

स्वतःच्याच घरात चोरासारखं राहणं किती अवघड असतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. गच्चीवर ऊन खात बसायची मंजुळाबाईंची हौस होती, पण शेजारच्या गच्चीवर वच्छलाबाई गहू वाळवत बसलेल्या. मिक्सर बंद. टीव्ही बंद. मोबाइल बंद. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत यायचा, तो सरकेल तसा दोघं पाट सरकवत बसली. कडूबारावांना शिंक आली की ते कपाटात तोंड घालत.

भाकरी थापताना आवाज होऊ नये म्हणून परातीखाली गोधडीची घडी. पहिल्या दिवशीची भाकर थापता थापता फाटली, मग जोडली, मग तव्याला चिकटली. मंजुळाबाई हात आवळून बसल्या होत्या. बोटं शिवशिवत होती, पण ठरलं म्हणजे ठरलं. त्यांनी करपलेले तुकडे मुकाट्यानं खाल्ले. करपले होते, पण गरम होते, म्हणून त्या मनातून थोड्या खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चमत्कार झाला. भाकर फुगली. टम्म फुगली. कडूबारावांनी ती ताटात टाकली, शेजारी ठेचा, वर तेलाची धार. मंजुळाबाईंनी पापुद्रा मोडला. वाफ तोंडावर आली. घास उचलला आणि पुढचं फाटक करकरलं.

"कडूबा, अरे ए कडूबा."

कडूबारावांचे चुलते, आप्पा. दरवर्षी हिवाळ्यात डोळे तपासायला येत आणि चार-पाच दिवस पडून राहत. मोबाइल बंद, तेव्हा त्यांना गोव्याचा निरोप पोचलाच नव्हता.

"गोव्याला गेलेत ना ते," भिंतीवरून वच्छलाबाईंचा आवाज आला. "चार दिवसांनी येतील. आमच्याकडं बसा तोवर."

"नाय, इथंच बरा हाय. बसतो पायरीवर."

"चार दिवस?"

"मग काय झालं? पायरी कुठं पळून चालली?"

कडूबाराव केव्हाच उठून पुढच्या दाराशी गेले होते. म्हाताऱ्याचा आवाज ऐकून त्यांचं तोंड उघडलं, "या या" मधला पहिला या ओठावर आला, तेवढ्यात मंजुळाबाईंनी मागून येऊन तळहातानं ते तोंड बंद केलं. दोघं तशीच उभी राहिली. बाहेर गार वारा सुटला होता. आप्पा खोकले. थोड्या वेळानं पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा मंजुळाबाईंनी हात काढला. त्यांना राग आला होता. म्हाताऱ्याचा आला होता, नवऱ्याचा आला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मऊ काळजाचा आला होता.

"आणा त्यांला आत," त्या कुजबुजल्या.

"कुलूप बाहेरून हाय. आन् वच्छलाबाई बघायल्या."

मग काय, गोव्याहून परत यावं लागलं. बॅगेत वजन दिसावं म्हणून दोन उशा कोंबल्या. मंजुळाबाईंनी भाकर तव्यावर ठेवून वर ताट झाकलं, तिच्याकडं एकदा बघून घेतलं आणि दोघं न्हाणीच्या दारानं बोळात उतरली. गल्लीला वळसा घालून, थकल्यासारखं चालत फाटकाशी आली.

"या या, बरं झालं आलात," पाहुण्याला पायरीवर बघून कडूबारावांचं अडलेलं वाक्य एकदाचं सुटलं.

"एवढ्यात आलात?" वच्छलाबाई भिंतीवरून म्हणाल्या.

"समुद्र बघून झाला," मंजुळाबाई म्हणाल्या.

आप्पांनी पुतण्याच्या पायांकडं पाहिलं. पायात न्हाणीतल्या ओल्या सपाता होत्या. मग हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ होतं. आप्पांनी सोबत आणलेलं हुरड्याच्या कणसांचं गाठोडं उचललं आणि उघडलेल्या दारातून आत गेले.

कडूबारावांनी घाईघाईनं काजूंची पुडी पुढं केली. आप्पांनी पुडीवरचं दुकानाचं नाव सावकाश वाचलं. "गोव्यात बी उस्मानपुरा हाय व्हय?" एवढंच विचारलं आणि हातपाय धुवायला स्वयंपाकघरातून न्हाणीकडं गेले.

ते लवकर परत आले नाहीत. मंजुळाबाई बघायला गेल्या, तर आप्पा ओट्याशी उभे. झाकण बाजूला. प्रवासात उपाशी राहिलेला म्हातारा भाकरीचा शेवटचा घास ठेच्याला लावत होता.

मंजुळाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डोक्यावरचा पदर सावरला, पण शब्द सावरले नाहीत.

"आप्पा, ती माझी होती."

त्या घराण्यात कुठल्याही सुनेनं सासऱ्याच्या मानाच्या माणसाला असं कधी सुनावलं नव्हतं. कडूबाराव दारात थिजले. आप्पांचा घास हातातच राहिला. मंजुळाबाईंनी मग मागचंपुढचं सगळं सांगून टाकलं. गार भाकरी सांगितल्या, कुलूप सांगितलं, परातीखालची गोधडीसुद्धा सांगितली.

आप्पा पाटावर बसले. मिशीवरून हात फिरवला.

"पोरी, माझे डोळे चांगले हायत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"काही झालं नाय डोळ्यांला. घरी तीन सुना, नातवंडं, दिवसभर कालवा. कुणी म्हातारपणी गप पडू देत नाय. म्हणून डाक्टरचं नाव सांगायचं आन् इथं येऊन झोपायचं. तुझ्या घरात लई शांत वाटतं."

रागवावं की हसावं, ते मंजुळाबाईंना ठरवता येईना. "म्हणजे आमचं घर तुमचा गोवा," त्या म्हणाल्या आणि हसूच जिंकलं. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

आप्पा मात्र हसले नाहीत. तिच्या तोंडचा घास आपण खाल्ला, हे त्यांना खरंच लागलं होतं. रात्री त्यांनी कुलपाची किल्ली मागून घेतली आणि उशाशी ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आप्पांनी पुढच्या दाराला पुन्हा कुलूप घातलं. पायरीवर घोंगडी अंथरली, पटका बांधला आणि ठाण मांडलं. दुपारी फाटक करकरलं. आत मंजुळाबाई ताटावर बसल्या होत्या, त्या दचकल्या. कडूबारावांचे हात परातीत थांबले.

गावचा फकिरा होता, बायकोला घेऊन बस्त्याला आलेला.

"कडूबाभाऊ हायत का?"

"गोव्याला गेले," आप्पा म्हणाले.

"कधी येणार?"

"त्यांला समुद्र लई आवडला म्हणत्यात. काय सांगावं."

"मग तुम्ही?"

"राखण."

कडूबारावांना वाटलं फकिरा गेला, म्हणून त्यांनी पुन्हा थापायला घेतलं. घाईत गोधडी सरकली होती. थप, थप, थप.

"आत कोण हाय हो?" फकिरानं कान टवकारले.

"उंदरं," आप्पा म्हणाले. "माजलेत घर रिकामं बघून. बसस्टँडजवळ लॉज हाय, चांगला हाय. जा, उन्हं हायत तोवर."

फाटक पुन्हा करकरलं आणि पावलं दूर गेली. आत भाकर फुगली. कडूबारावांनी ती ताटात टाकली. मंजुळाबाईंनी पापुद्रा मोडला, वाफ तोंडावर आली आणि यावेळी घास तोंडात गेला. त्यांनी सावकाश खाल्लं. मध्ये कुणी पाणी मागितलं नाही, कुणी मीठ मागितलं नाही. ताट रिकामं झालं.

कडूबाराव हातावर पिठाचा गोळा घेऊन उभे होते. कपाळाला पीठ, मिशीला पीठ.

"आणखी एक घालू?" त्यांनी हळूच विचारलं.

हा प्रश्न मंजुळाबाईंनी या घरात इतक्या माणसांना विचारला होता की त्याचं काही मोजमापच नव्हतं. पण त्यांना तो कुणी विचारला नव्हता, त्यामुळे याला काय उत्तर देतात हेच त्यांना माहीत नव्हतं. लोक काय म्हणत ते आठवून बघितलं. लोक म्हणत, अर्धी घाला.

"घाला," त्या म्हणाल्या. "अर्धी नको, पुरी घाला. आन् एक आप्पांला द्या, पुढच्या खिडकीतनं. गरम हाय तोवर."