कपाळावरचा शेंदूर

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, असं म्हणायला मला अजून बराच अवकाश आहे. मी विजेवर चालणारी उंच, गडद निळी मोटार. शेलूबाजारच्या उकंडरावांच्या अंगणात राहते. वय तीन वर्षं. पण मला विचाराल तर मी मधूनमधून नव्याने जन्म घेत असते.

कारखान्यातून आले तेव्हा इथला उन्हाळा मला ठाऊक नव्हता. चव्वेचाळीस अंशांत बॅटरी तापायची, चार्जिंग रेंगाळायचं. मग एक अपडेट आलं. ना मेकॅनिक आला, ना कुणी पाना लावला. गोठ्याच्या सावलीत उभ्या उभ्या मी बॅटरी आधी थंड करून घ्यायला शिकले. पुढच्या अपडेटने अकोल्याला जाऊन यायला वीज पुरेल का, हे मी अचूक सांगू लागले. जागेवरून न हलता शहाणं होणं सगळ्यांना जमत नाही, मला जमतं.

माझ्यावर खरी माया वैजयंतीची, म्हणजे घरच्या सुनेची. ती मंगरूळपीरच्या शाळेत शिकवते. आधी चिमुकल्या निकिताला मांडीवर घेऊन प्रवाशांच्या भरगच्च जीपमधून जायची. आता निकिता मागे तिच्या खुर्चीत झोपते. माझा आवाजच नाही, म्हणून ती बालवाडीच्या दारापर्यंत जागी होत नाही. माझ्या सगळ्या गुणांत मला याचाच अभिमान जास्त.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिसरं अपडेट आलं.

"हात लावू नको," उकंडराव सुनेला म्हणाले. "मोबाईलले अपडेट मारलं अन् तो मुंगीवानी चालून राह्यला."

"मामाजी, याच्यानं गाडीले मराठी येते."

"ते काय शायेत जाणार हाय?"

तरीही वैजयंतीने बटण दाबलंच. पाऊण तासात माझ्या पडद्यावर स्वच्छ मराठी अक्षरं उमटली.

दुसऱ्या दिवशी पूजा. सासूबाई रंगूबाई पाट घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "हिचं कपाळ कुठं हाय व?" मग पाटावर चढून, समोरच्या काचेवर, अगदी वरच्या कडेला मधोमध त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर बोटभर जाड लावला. मित्रांनो, नेमका तिथेच, काचेमागे, माझा कॅमेरा आहे. त्यानेच मी रस्त्याचे पट्टे आणि समोरची गाडी बघते. पण दसऱ्याचा शेंदूर पुसायचा नाही, आपोआप जाऊ द्यायचा, ही घरची रीत.

मग उकंडराव मला घेऊन निघाले, तर मी सारखी टुंग टुंग वाजू लागले. हायवेवर मला लेन सांभाळता येईना. पडद्यावर मी कारण लिहून दाखवत होते. पण ते मोबाईलच्या सवयीने दर वेळी फुलीवर बोट ठेवत. "जाहिरात हाय."

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "सूनबाईनं बटन दाबलं अन् गाडी येडी केली." चावी त्यांच्या खिशात गेली. रविवारी कारंज्याहून गिऱ्हाईक येणार, मला देऊन डिझेलची गाडी घ्यायची, असं ठरलं.  वैजयंती पोरीला कडेवर घेऊन पुन्हा जीपच्या थांब्यावर उभी राहू लागली. मी ताडपत्रीखाली धूळ खात होते. अंगात बळ होतं, पण चालवणारं कुणी नव्हतं.

रविवारी बाबूसिंग नावाचं गिऱ्हाईक आलं. उकंडरावांनी मला सुरू केलं. शेजारच्या आसनावर ठेवलेली शाल काढायला रंगूबाई आत बसल्या होत्या. मी पुन्हा तोच मजकूर दाखवला. उकंडरावांचं बोट फुलीकडे गेलं.

"थांबा जरा," रंगूबाई म्हणाल्या. "मराठीत हाय. मले वाचू द्या."

चौथीपर्यंत शिकलेल्या त्या. अक्षराला अक्षर जोडत त्यांनी वाचलं, "काचेमागचा कॅमेरा झाकला आहे. काच पुसा." मग दाराशी उभ्या सुनेला विचारलं, "कॅमेरा कुठं असते व?"

"आरशाच्या मांगं, आत्याबाई." वैजयंतीने मान वर करून पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "तुमी शेंदूर लावला ना, तिथंच."

रंगूबाई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. परक्या माणसासमोर आपली चूक कोण सांगतं? पण त्या उतरल्या, पाटावर चढल्या आणि रीत मोडून पदराने शेंदूर पुसू लागल्या.

"तिनं काई बिघडवलं नाई. म्याच गाडीचे डोये बुजवले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अन् वाचायचं सोडून तुमी फुल्या मारत बसले."

काच स्वच्छ झाली. टुंग टुंग थांबलं. बाबूसिंगला घेऊन उकंडराव हायवेवर एक चक्कर मारून आले. मी लेन अशी धरली, की चाक एकदाही पट्ट्याला शिवलं नाही.

"काका, मस्त चालते. द्या मले."

"आता कायले देऊ?" उकंडरावांनी खिशातून चावी काढून सुनेच्या हातात ठेवली.  "जीपनं जाऊ नको उद्या. अन् थे पुढचं अपडेट कवा येते, पाय बरं."

मित्रांनो, आम्हा नव्या यंत्रांना तेलपाणी फारसं लागत नाही. काच मऊ फडक्याने पुसा, ऊन लागलं तर सावलीत उभं करा, एवढंच. पण आम्ही काही सांगू लागलो, तर फुली मारण्याआधी एकदा वाचा. आणि बिघाडाचं खापर घरातल्या कुणाच्या डोक्यावर फोडायच्या आधी, दोनदा वाचा.