साहेबांची कात्री

माझ्या धाकट्या भावाला आम्ही लहानपणापासून साहेब म्हणतो, कारण स्वारी नाकावर माशी बसू देत नाही. आमचं दोघांचं मिळून शिवणाचं दुकान आहे. तो कोट-पँट शिवतो, मी बायकांचे कपडे शिवते, आणि मधे कापायचं टेबल मात्र एकच. त्या टेबलावर आमची रोज जुंपते, बहुतेक वेळा त्याच्या कात्रीवरून. काळ्या मुठीची जड कात्री, त्याच्या उस्तादांनी दिलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी तिनं कागद कापला, तर साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. कागदानं धार जाते हे मलाही कळतं, पण म्हणून महिनाभर?

ती कात्री त्यानं एका सकाळी माझ्यासमोर ठेवली.

"ताई, ही आता तू वापर," म्हणाला. "तुझ्याकडे नीट राहील."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, सूर्य कुठून उगवला आज? तो हसला आणि इस्त्री गरम करायला गेला. मी कात्री हातात धरून उभीच. आनंद व्हायला हवा होता, पण झाला राग, आणि राग कशाचा तेही कळेना.

गेले काही महिने त्याचं बिनसलं होतं. बोलणं कमी, जेवण कमी, एकेका बाहीवर दुपार घालवायची. काही विचारलं की "काही नाही" म्हणायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, काळजीनं अर्धी झाली होती. आणि गेल्या आठवड्यापासून गडी अचानक खुशीत. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, सुटलं एकदाचं, काल भाजी मागून घेतली, आणि स्वतःचं घड्याळ तुमच्या मुलाला द्यायचं म्हणून काढून ठेवलंय. माझ्या नवऱ्याला त्याची ती लाडकी छत्री मिळालीच होती. सगळे म्हणत होते, बरं झालं, माणूस मोकळा झाला. मीही मान डोलावली, पण माझं डोकं काही चालेना. वर्षानुवर्षं खडूचा तुकडासुद्धा मोजून देणारा माणूस असा उदार कसा झाला?

मग मला वाटलं, कळलं. हा दुकान सोडतोय. मोठ्या कारखान्यात नोकरी धरली असणार आणि मला सांगायची हिंमत नसणार. मी अशी तापले की विचारू नका. त्याचं बिंग फोडायचं म्हणून मी टेबलावरचा खाकी कागद ओढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच कात्रीनं कराकरा कापायला लागले. तो बघत होता. मी वाट बघत होते, आता फुटेल, आता ओरडेल.

"काप की," तो शांतपणे म्हणाला. "आता तुझीच आहे."

माझा हात थांबला. तेवढ्यात एक जुने गिऱ्हाईक आले, त्यांना लेकाच्या लग्नासाठी कोट हवा होता. टेप साहेबाच्याच गळ्यात होती. त्यानं ती काढून माझ्या हातात दिली आणि त्यांना म्हणाला, ताई घेईल तुमचं माप, पुढचं तीच बघेल. माझा आणि कोटाचा काय संबंध? मी कसंबसं त्यांना उद्या यायला सांगितलं. ते गेल्यावर बघितलं, तर साहेबाच्या बाजूच्या खुंट्या रिकाम्या होत्या. हातातलं सगळं काम त्यानं संपवलं होतं आणि नवीन एकही माप घेतलं नव्हतं. कारखान्यात जाणारा माणूस आपली कात्री बरोबर नेतो, मागे ठेवत नाही. मग हा निघालाय तरी कुठे?

विचारायचं कसं, हेच कळेना. असलं काही तोंडातून काढलं आणि त्याच्या मनात नसलेलं भरलं, तर? आणि मनात असलं आणि मी गप्प राहिले, तर? मी दुकानाचं दार आतून लावलं. त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. जिवाचं बरंवाईट वगैरे घोळवून बोलायला लागले, आणि माझाच मला वैताग आला.

"साहेब, सरळ विचारते. तू आत्महत्या करायचा विचार करतोयस का?"

तो इस्त्रीकडे बघत राहिला. कपडा जळायला लागेल म्हणून मी उठून बटण बंद केलं. मग तो म्हणाला, "हो."

नंतर बराच वेळ तो बोलत होता. का, ते त्याला सांगता येईना. कुणाशी भांडण नाही, कसली अडचण नाही. सकाळी डोळे उघडले की दगड ठेवल्यासारखं वाटतं, म्हणाला, आणि ठरवलं तेव्हापासून हलकं वाटायला लागलं. म्हणजे ती खुशी त्या ठरवण्याची होती, आणि आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो. मला त्याला बदडावंसं वाटलं आणि कवटाळावंसंही वाटलं. शेवटी मी त्याचा हात घट्ट धरून बसले आणि खरं तेच सांगितलं.

"मला काही कळत नाहीये. पण तुझ्याजवळून मी हलणार नाही."

तो लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले.

आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, विचारलंत ते फार चांगलं केलंत, विचारल्यानं कुणाच्या मनात नसलेलं येत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि आत्ताच घेऊन या. वहिनीलाही बोलावून घेतलं. ती होती तशी धावत आली. घरातून जे हलवायचं ते हलवलं, काय ते सांगत नाही. मनाचे डॉक्टर, औषधं, दर आठवड्याचं बोलणं, सगळं सुरू झालं. मदतीच्या फोनचा नंबर वहिनीनं दुकानातल्या आरशावरच चिकटवला. कपडे घालून बघणारी गिऱ्हाइकंही वाचतात आता. वाचू देत.

लगेच काही फरक पडला असं नाही. कधी बरा असायचा, कधी भिंतीकडे तोंड करून पडायचा. तो हसला की मला जास्त भीती वाटायची. हे हसणं कुठलं, ते ओळखायचं कसं? शेवटी ओळखायचा नाद सोडला आणि रोज विचारायला लागले, आज तो विचार आला का? कधी हो म्हणायचा, कधी नाही. तो दुकानात येऊन बसायचा, पण कामाला हात लावायचा नाही. लग्नाचा कोट मीच कापायला घेतला. देवाचं नाव घेतलं आणि अस्तरावर कात्री चालवली.

"थांब, थांब," मागून आवाज आला. त्यानं कात्री माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली. उजेडात धरली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाट लावलीस हिची. कागद कापायला दुसरी मिळाली नाही तुला?"

मी म्हटलं, माझीच आहे ना आता?

"तुझी कसली?" तो कात्री फडक्यात गुंडाळायला लागला. "उद्या धार लावून आणतो. तोवर त्या कोटाला हात लावू नकोस."

उद्या, म्हणाला. मी पाठ फिरवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना.